घशात जंतू सापडला, म्हणजे आजार झालाच का?

रात्री मुलाचं अंग तापतं आणि सकाळी तो म्हणतो, “आई, गिळताच येत नाही.” तुम्ही मिठाच्या गुळण्या करायला लावता, पण मनात प्रश्न असतोच, अँटिबायोटिक द्यायचं का?

बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. घसा दुखणाऱ्या दहा मुलांपैकी साधारण दोन-तीन मुलांनाच ‘स्ट्रेप’ म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग असतो. मोठ्यांमध्ये हे प्रमाण आणखी कमी असतं.

कसं ओळखाल?

हा संसर्ग ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. अचानक ताप, गिळताना वेदना, सुजलेल्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. सोबत खोकला असेल, नाक वाहत असेल किंवा आवाज बसला असेल, तर कारण बहुधा विषाणूच असतो.

नुसतं पाहून डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही. त्यासाठी घशातला स्वॅब घेतात. रॅपिड टेस्टचा निकाल काही मिनिटांत मिळतो, कल्चरला एक-दोन दिवस लागतात. रक्ताची ‘एएसओ’ तपासणी मात्र आधी होऊन गेलेला संसर्ग दाखवते. आज घसा का दुखतोय, हे ती सांगत नाही.

लक्षणं नसलेले वाहक

शाळकरी मुलांपैकी साधारण दहात एकाच्या घशात हा जंतू काहीही त्रास न देता राहतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि विनाकारण औषध सुरू होतं. म्हणून सर्दी-खोकला असताना स्वॅबचा आग्रह धरू नका. ठणठणीत असलेल्या भावंडांची किंवा औषध घेऊन बरं झालेल्या मुलाची तपासणीही सहसा लागत नाही. वाहकांपासून इतरांना लागण होण्याची शक्यता कमी असते आणि त्यांना बहुतेकदा औषधाची गरज नसते. घरात कुणाला संधिवाताचा ताप म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खऱ्या संसर्गाकडे दुर्लक्ष नको

उपचार न झाल्यास काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फीव्हर येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं, तर हा धोका टळतो. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांचा कोर्स सहसा १० दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून तो सोडू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही देऊ नका.

श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळही गिळता येत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी घसा दुखला, तर डॉक्टरांना आधी विचारा, “लक्षणं स्ट्रेपची वाटतात का?” टेस्टचं त्यानंतर ठरवा.