शेरीचे पिंप आणि आस्वादाची भाषा

'आस्वाद' हा शब्द आपण समीक्षेत इतक्या सहजपणे वापरतो, की तो जिभेवरून आला आहे याचा विसर पडतो. भरताने मात्र रस म्हणजे काय हे सांगताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला होता. गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या घरी आम्ही चौघांनी (चौघेही मराठीचे अध्यापक) शेरीच्या पिंपात मुरलेल्या तीन सिंगल माल्ट स्कॉच शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, तेव्हा या विस्मरणाची किंमत मला कळली. कोणत्या ग्लासात काय आहे, हे यजमानाखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. पहिला घोट घेऊन मी वहीत लिहिले : 'मनुका, संत्र्याचे मार्मालेड, ख्रिसमस केक'. ब्रिटिश घरांतून नाताळच्या आधी कितीतरी आठवडे ब्रँडी पाजून मुरवतात, तो केक मी आयुष्यात खाल्लेला नाही. कविता न वाचता 'प्रतिमासृष्टी समृद्ध आहे' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतो. येथे मी वेगळे काय केले होते?

उसन्या शब्दांचा हा रोग बाटलीवरच्या 'शेरी' या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्या मनात चित्र असते ते असे : दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावी एखाद्या जुन्या कोठारात पिढ्यान्‌पिढ्या शेरी मुरवलेले पिंप, तेच पुढे स्कॉटलंडला जाते आणि व्हिस्कीला आपली पुण्याई देते. वस्तुस्थिती निराळी आहे. हेरेसच्या कोठारांतील ती जुनी पिंपे बहुधा अमेरिकन ओकची असतात, त्यांच्या लाकडाचा कस केव्हाच संपलेला असतो आणि ती सहसा विकलीही जात नाहीत. स्कॉटलंडला पूर्वी मिळत ती वाहतुकीची पिंपे. शेरी पिंपातून ब्रिटनला येई, तिथे बाटल्यांत भरली जाई आणि रिकामे पिंप व्हिस्कीवाल्यांच्या स्वस्तात हाती लागे. शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचे बंधन १९८० च्या दशकात आले आणि हा ओघ आटला. आज बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच नव्याने घडवतात, त्यांत वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून थोडी अधिक काळ शेरी ठेवतात आणि मग ती उत्तरेकडे रवाना करतात. लाकडाला वळण लावण्यापुरत्या वापरलेल्या या शेरीचे पुढे बहुधा व्हिनेगर होते, नाहीतर ती पुन्हा भट्टीत जाते.

ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. उत्तर स्पेनमधला ओक तोडून, वाळवून, हेरेसला पिंप बांधून घेण्याचा जो व्याप मॅकॅलन करते, त्यामागे कारागिरीच आहे. माझा आक्षेप आपल्या वाचनपद्धतीला आहे. आपण शेरी वाचतो आणि प्रत्यक्षात चाखत असतो ते मुख्यतः लाकूड. युरोपीय ओकमधून तुरटपणा आणि लवंगेकडे झुकणारा मसाला येतो; अमेरिकन ओकमधून व्हॅनिला आणि खोबरे. लेबलवर 'शेरी' म्हटले म्हणून हा फरक मिटत नाही. रंगाचे तर बोलायलाच नको. स्कॉचमध्ये रंगापुरते कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे, तेव्हा गडद तांबूस रंग पाहून 'वा!' म्हणणे म्हणजे मुखपृष्ठावरून कादंबरीची शिफारस करणे होय.

आता त्या तीन ग्लासांकडे वळतो. ग्लेनड्रॉनक १२ वर्षांची, ग्लेनफार्क्लास १५ वर्षांची आणि अ‍ॅबरलावरची आ'बुना. शेवटचीत पाणी घालून तिची तीव्रता खाली आणलेली नसते. ती ६० टक्क्यांच्या आसपास असते, तर पहिल्या दोन अनुक्रमे ४३ आणि ४६ टक्क्यांच्या. अशी तुलना मुळातच विषम. आवाज मोठा म्हणून गायक मोठा ठरावा, तशी आ'बुना पहिल्या फेरीत तिघांच्या मते सरस ठरली. मग यजमानाने तिच्या २० मिलिलिटरमध्ये सुमारे ८ मिलिलिटर पाणी घातले. काळ्या गुळाचा आणि सुंठीचा दणका ओसरला, मागून संत्र्याच्या सालीचा कडवट गंध आला. पण त्याच्याही मागे काय आहे हे शोधू गेलो तर फारसे काही हाती लागेना. भाष्य एवढे विस्तारले होते, की मूळ संहिता सापडू नये.

ग्लेनफार्क्लासचे तसे नाही. १८६५ पासून एकाच ग्रँट कुटुंबाच्या ताब्यात असलेल्या या भट्टीत भांड्यांना अजूनही थेट ज्वाला देतात, आणि त्यातून उतरणारा अर्क अंगाने भारदस्त असतो. खजूर आणि भाजलेला अक्रोड पिंपाने दिला असेल. पण त्याखालचा जवाचा तेलकट खरपूसपणा पिंपाने झाकलेला नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत येथे संवाद आणि विरोध दोन्ही आहेत आणि म्हणूनच समतोलाला काही अर्थ आहे. माझे मत स्पष्ट आहे : पिंपाने अर्काला बोलू दिले पाहिजे.

ग्लेनड्रॉनक या दोहोंच्या मध्ये. अंजिराची गोडी, थोडे जायफळ. मात्र तिच्यात एक वास होता, ज्यावर आमचे बरेच भांडण झाले. एकाला विझलेली आगकाडी आठवली. तो म्हणाला, हा गंधकाचा दोष. रिकामे पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधक जाळण्याची रीत आहे आणि त्याची खूण कधी कधी व्हिस्कीत उतरते, हे खरे. इंग्रजी समीक्षक त्यावर तुटून पडतात. पण दुसरा मित्र, मूळचा सोलापूरकडचा, ग्लास नाकाशी धरून शांतपणे म्हणाला, "अरे, हे तर पादेलोण!" आणि खरोखरच ते पादेलोण होते, ताकातले, पाचक गोळीतले. ज्या जिभेला हा वास लहानपणापासून पचनाशी आणि मायेशी जोडलेला आहे, तिने तो दोष का मानावा? त्या संध्याकाळचे हे एकच निरीक्षण आमचे स्वतःचे होते. मी वही काढली आणि केक खोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानाचा फोन आला. ग्लास धुवायचे राहून गेले होते. रात्रभरात वाळलेल्या ग्लासांचा त्याने वास घेऊन पाहिला. दोहोंत फक्त लाकूड उरले होते, म्हणाला. तिसऱ्यात मात्र ओल्या पोत्यातल्या धान्याचा वास होता. ग्लासाखालची चिठ्ठी त्याने वाचून दाखवली : ग्लेनफार्क्लास.