बसमध्ये कोण नव्हतं?

सेमिस्टर संपलं, सबमिशनं झाली की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘कॅम्पला कोण कोण येतंय? नावं टाका.’ खाली पटापट अंगठे यायला लागतात. एक रात्र टेन्टमध्ये, शेकोटी, झिपलाइन, रॅपलिंग, आणि पोस्टरवर जाड अक्षरांत ‘टीम बिल्डिंग’. तुमच्या फोनमध्येही असा मेसेज असेल. नसेल तर येईलच. तो आला की अंगठा देण्याआधी हे दोन मिनिटं वाचा.

गेल्या डिसेंबरात आम्हीही गेलो होतो. आमचा २८ जणांचा ग्रुप आहे. पथनाट्य, रक्तदान शिबिर, गोदाघाटाची सफाई असं काय काय आम्ही करतो. कामं होतात, पण भांडणंही तेवढीच होतात. परवानगीचे कागद घेऊन कुणी फिरायचं, पोस्टर कुणी रंगवायचं, स्टेजवरून कुणाचं नाव घेतलं आणि कुणाचं राहिलं, यावरून तीन-तीन महिने अबोला. त्यावर उपाय म्हणून हा विकेंड ठरला. माणशी १,८०० रुपये. शनिवारी सकाळी पेठ रोडला लागलो, आशेवाडीचा रामशेज किल्ला मागे पडला, सावळघाट ओलांडला, करंजाळीला चहा झाला आणि पेठच्या बाजूला डोंगराच्या कुशीतल्या एका अॅक्टिव्हिटी सेंटरवर जाऊन उतरलो.

खोटं कशाला बोलू, मजा आली. एकमेकांचे हात धरून गुंता करायचा आणि हात न सोडता तो सोडवायचा, हा खेळ खेळलो. डोळ्यांवर पट्टी बांधून मैत्रिणीच्या आवाजावर विश्वास ठेवून झाडांमधून चाललो. रॅपलिंग करताना कड्यावरून पाठमोरी उतरत होते, तेव्हा पाय लटपटत होते. खाली दोर धरून उभी होती ती मुलगी, जिच्याशी मी ऑगस्टपासून धड बोलले नव्हते. तिने दोर नीट धरला होता. खाली पोचल्यावर दोघीही हसलो. म्हणजे १,८०० रुपयांतले काही तरी वसूल झालेच. ‘हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

या खेळांमागे मोठा इतिहासही आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४१ मध्ये, कर्ट हान नावाच्या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने वेल्समधल्या अॅबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावात ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. व्यापारी जहाजं पाणबुड्यांच्या हल्ल्यात बुडत होती. अशा वेळी लाइफबोटीत टिकून राहण्याची हिंमत आणि सवय तरुण खलाशांच्या अंगी यावी, हा त्या शाळेमागचा एक मुख्य हेतू होता. आज जगभर जे ‘आउटडोअर ट्रेनिंग’ चालतं, त्याचं एक मूळ तिथे आहे. आता विचार करा, लाइफबोटीत शेजारी कोण बसणार हे कुणी निवडत नाही. जो त्या जहाजावर आहे तो आपला. आमच्या बसमध्ये मात्र निवड झालेली होती, आणि ती आम्हाला दिसलीसुद्धा नाही.

रविवारी परत निघालो. रस्त्यात एका फाट्याजवळ गाडी हळू झाली तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, ‘‘अरे, हिचं गाव इथूनच आत आहे ना?’’ क्षणभर सगळे गप्प. ‘ही’ म्हणजे आमच्या पथनाट्यातला सगळ्यात खणखणीत आवाज. माईक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते, घरी कोकणी बोलते, आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून शिकायला आलेली तिच्या घरातली पहिलीच. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. कॅम्पच्या मेसेजखाली तिने लिहिलं होतं, ‘घरी कार्यक्रम आहे, जमणार नाही.’ आम्ही त्यावर रडका इमोजी टाकला आणि पुढे सरकलो. मग मी मोजलं. २८ पैकी बसमध्ये आम्ही २१ होतो. शनिवारी रात्री शेकोटीभोवती ‘वी आर वन टीम’ असं ओरडलो तेव्हाही २१ च होतो.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तिला गाठलं.

‘‘कार्यक्रम कसा झाला?’’

‘‘कसला कार्यक्रम?’’ ती म्हणाली आणि मग स्वतःच हसली. ‘‘अगं, अठराशे रुपये. जेवणाचे पैसे खात्यावर येतात, त्यातूनच महिना काढायचा असतो. कॅम्पला आले असते तर पुढचे पंधरा दिवस काय खाल्लं असतं?’’

‘‘मग सांगायचं ना!’’

‘‘ग्रुपवर? सगळ्यांसमोर?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेच पुढे सांगितलं, ‘‘मला विचारलं असतंत तर गावातच सोय केली असती. देवळात झोपलो असतो. नागलीची भाकरी, चटणी. डोंगर तर तेच आहेत.’’

डोंगर तेच आहेत, पण आपण त्यांच्याकडे कुठल्या बाजूने बघतो यावर बरंच अवलंबून असतं. पेठ हा धो-धो पावसाचा तालुका. पावसाळ्यात इथे धबधबे बघायला गाड्यांची रांग लागते. पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरायच्या आत दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहून जातं. मार्च उजाडला की अनेक पाड्यांच्या विहिरी तळाला जातात. एप्रिल २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या बोरीची बारी गावचे व्हिडिओ देशभर फिरले. पाण्यासाठी बाया दोराच्या आधाराने विहिरीत उतरत होत्या. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला, शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या खोल घळीवरून लाकडी बल्ल्यांवर तोल सांभाळत हंडे नेत. फोटो गाजल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहूनही गेला.

आम्ही जे केलं त्याला ‘रॅपलिंग’ आणि ‘बर्मा ब्रिज’ म्हणतात. हेल्मेट, हार्नेस, खाली दोर धरायला माणूस, वर टाळ्या. त्यांना यातलं काहीच नव्हतं. हे सांगते ते तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही. मजा करायला कुणाची ना नाही. पण ज्या तालुक्यात आपण ‘थ्रिल’ विकत घ्यायला जातो, तिथलीच मुलगी आपल्या टीममध्ये असून बसमध्ये नसेल, तर आपण नेमकी कुठली टीम बांधून आलो? हा प्रश्न मला त्या फाट्यापासून सोडत नाहीये.

मॅनेजमेंटवाल्या दोस्तांनी ब्रूस टकमनची थिअरी परीक्षेपुरती पाठ केली असेल. टीम आधी एकत्र येते, मग भांडते, मग तिचे नियम बसतात आणि मग ती काम करते, असं त्याने १९६५ मध्ये मांडलं. म्हणजे आमची भांडणं हा आजार नव्हताच, तो वाटेतला एक टप्पा होता. खरा घोळ पहिल्याच टप्प्यावर होता. सात जण ‘एकत्र येणं’ यातच नव्हते.

आता आपल्याकडचं बघा. टीम बिल्डिंग हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेतीत सावड आहे. आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू. काही भागांत इर्जिक म्हणतात. ज्याचं काम अडलंय त्याने हाक द्यायची, गावाने औतं आणि माणसं घेऊन जायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. सावडीत फी पैशांची नसते, दिवसांची असते. ती ज्याच्या-त्याच्याकडे असतेच, म्हणून कुणी बाहेर राहत नाही. आमची ती मैत्रीण सांगते की पावसाळ्यात भाताची आवणी अशीच उरकते, आणि चिखलात उभं राहून जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या वर्षभरात होत नाहीत. याच्यापेक्षा चांगलं ‘आइस ब्रेकिंग सेशन’ कोणतं?

कॉलेजात याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ती सुरू झाली. सात दिवस एखाद्या गावात मुक्काम, सकाळी श्रमदान, संध्याकाळी गावकऱ्यांसोबत कार्यक्रम. शिबिराला सरकारी अनुदान असतं, त्यामुळे खिशाला फारशी झळ लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकात श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातली पोरं घमेली उचलायला जातात आणि कायमचे दोस्त होऊन परततात. नाशिकमध्येही सोशल नेटवर्किंग फोरमसारखी मंडळी पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर गावकऱ्यांच्या बरोबरीने पाण्यासाठी कामं करत आली आहेत. मार्कांसाठी एनएसएस करणारे आणि बांधावर बसून सेल्फी काढणारे आपल्यातही आहेत, हे मान्य. पण मार्ग तिथे आहे. चालायचं आपल्याला आहे.

मग कॅम्पला जायचंच नाही का? जरूर जा. फक्त निघण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, पैशांचं आधी आणि खासगीत बोला. ‘कोण येतंय’ हे विचारण्याआधी ‘किती जमेल’ हे विचारा. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावेत, नसेल त्याने कमी, आणि कुणी किती दिले हे हिशेब ठेवणाऱ्या एकट्यालाच माहीत असावं. वर्गणी काढून गणपती बसवतो, तर सात जणांची बसमधली जागा भरता येणार नाही?

दुसरी, सेंटरला प्रश्न विचारा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडच्या साहसी खेळांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. नोंदणी आहे का, ट्रेनर शिकलेले आहेत का, दोर-हेल्मेट कधी तपासली, जवळचा दवाखाना किती लांब आहे? हे विचारणारा ‘डाउनर’ नसतो. तोच टीममधला सगळ्यात कामाचा माणूस असतो.

तिसरी, दोन दिवसांतला अर्धा दिवस तरी गावासाठी ठेवा, पण गावाला विचारून. बंधाऱ्याला दगड लावायचे की शाळेची भिंत रंगवायची हे सरपंच, शिक्षक, बचत गटाच्या ताई सांगतील. आपण ठरवून जायचं नाही. आणि विहिरीवरच्या बायांचे व्हिडिओ काढायचे नाहीत. रील आपली असते, पदर त्यांचा असतो.

चौथी, सोमवारी काय करणार ते रविवारी ठरवा. शेकोटीपाशी गळ्यात पडलेले दोघं बुधवारी पुन्हा परवानगीच्या कागदांवरून भांडणार असतील, तर खेळ खेळच राहिला. ते कागद या वेळी कुणी न्यायचे, एवढं जरी ठरलं तरी विकेंड वाया गेला नाही.

आमचा पुढचा कॅम्प अजून ठरायचा आहे. तिच्या गावात जायचं का, हे आधी तिचं गाव सांगेल. यावेळी मेसेज मी लिहिला. ‘तारीख सगळ्यांना विचारून ठरेल. पैसे, घर, तब्येत, काहीही अडचण असेल तर ग्रुपवर नको, मला एकटीला कळवा.’

अंगठे नेहमीपेक्षा कमी आले. पण रात्रीपर्यंत चौघांचे वेगवेगळे मेसेज आले होते. त्यातल्या दोघांना मी तीन वर्षं रोज भेटते.