चिरूट, विडी आणि अभिरुचीचा ‘विकास’

सिगारच्या शौकिनांनी आपल्या रुचीविषयी केलेल्या लेखनाला एक ठरीव साचा आहे. आरंभी सौम्य, फिकट पानाची, क्वचित व्हॅनिलाचा वास दिलेली सिगार. मग काही वर्षांनी काळसर पानाची, जड, मिरीसारखी झोंबणारी. आणि उतारवयात पुन्हा सौम्य, पण आता ‘जाणतेपणाने’ निवडलेली. बाल्य, तारुण्य, परिपक्वता! या कथेला तिचा निवेदक ‘रुचीचा विकास’ म्हणतो. आमचे म्हणणे असे की, रुची बदलते हे खरे. पण प्रत्येक बदल हा विकास असतो हे खोटे. आणि हा खोटेपणा धुरापुरता मर्यादित नसल्यामुळेच साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्याची दखल घ्यावयास हवी.

पहिला बदल घडतो तो शरीरात. सिगारचा धूर सहसा छातीत ओढत नाहीत. तो अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. सवयीने शरीर निकोटिनला सरावते आणि पूर्वीइतकाच परिणाम होण्यासाठी अधिक मात्रा मागू लागते. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडील पानांना ऊन अधिक मिळते व त्यांचा कडकपणाही अधिक असतो. सरावलेला ओढणारा त्या पानांकडे वळला, तर त्यात साक्षात्कार कसला? पुढे वयाने आणि धुराने घ्राणेंद्रिय मंदावते. शिवाय, ही वस्तू मुख आणि घसा यांच्या कर्करोगाचे कारण आहे, हा तपशील ‘विकासा’च्या कथेत सहसा सापडत नाही.

दुसरा बदल घडतो तो इतिहासात. १९६२ साली अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. क्यूबातून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आणि मालकांनी डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा येथे नवे मळे व कारखाने उभे केले आणि अमेरिकन ओढणाऱ्याची जीभ त्या मातीला सरावली. १९९२ मध्ये तेथे ‘सिगार अफिशिओनाडो’ हे नियतकालिक निघाले, सिगारींना शंभरांपैकी गुण मिळू लागले आणि त्याच दशकात त्यांचा खप वेगाने वाढला. राजकीय निर्बंध, स्थलांतरित मजूर आणि एक गुणपत्रिका यांनी घडवलेली गोष्ट ओढणारा मात्र ‘माझी रुची’ म्हणून सांगतो!

आता दृष्टी घराकडे वळवू. ‘चिरूट’ हा शब्द आपल्याकडे साहेबाच्या तोंडात शोभला, तरी त्याचे मूळ तमिळ ‘सुरुट्टु’त, म्हणजे गुंडाळीत आहे. हाताने गुंडाळलेली तंबाखू एवढाच त्याचा अर्थ. विडी याहून वेगळे काय सांगते? पान टेंभुर्णीचे, आकार करंगळीहून बारीक, आणि वर दोरा. भारतीय संसदेला हे नाते कळले होते. तिने १९६६ साली केलेल्या कायद्याचे नावच विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम असे होते. कायद्याने ज्या दोघींना एका ओळीत बसवले, त्यांना अभिरुचीने दोन टोकांना नेऊन ठेवले.

नाशिककरांना तर हे दूरचे वाटू नये. कॉलेज रोडवरील वाणिज्य महाविद्यालयाच्या नावातील ‘बी. वाय. के.’ ही आद्याक्षरे भिकुसा यमासा क्षत्रिय यांची, म्हणजे सिन्नरच्या विडी उद्योगातील एका मोठ्या नावाची आहेत. या जिल्ह्यातील विद्येच्या इमारतींत विडीचा पैसा आहे, आणि त्या पैशामागे सूप मांडीवर घेऊन पाने कातरणाऱ्या, हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणाऱ्या बायांची बोटे आहेत. विडी ओढणाऱ्यालाही रुची असते. कोणत्या छापाची कडक, कोणाची मऊ, कोणती सारखी विझते, हे तो अचूक सांगतो. त्याचीही निवड वयाबरोबर बदलते. पण त्या बदलाला कोणी प्रवास म्हणत नाही. त्याचे ते ‘व्यसन’, सिगारवाल्याचा तो ‘आस्वाद’. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. आस्वादाच्या कोणत्या इतिहासात ही नोंद येते?

येथे एक आक्षेप संभवतो: दीर्घ सहवासाने भेद ओळखण्याची शक्ती वाढत नाही काय? निःसंशय वाढते. नवख्याला जेथे नुसता धूर जाणवतो, तेथे मुरलेल्याला पानाचे वय कळते. हा विवेक आम्हांस मान्य आहे. परंतु भेद कळणे वेगळे आणि आवडीला पायरी लावणे वेगळे. सूप मांडीवर घेणारीलाही स्पर्शाने पानाचा ओलावा कळतो. त्या ज्ञानावरून ती कोणाला खालच्या पायरीवर उभे करीत नाही.

मराठीच्या वर्गांत मात्र हीच शिडी राजरोस वापरली जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हे बाल्य, फडके-खांडेकर हे तारुण्य, ‘कोसला’ म्हणजे जागृती, आणि शेवटी निवडक कविता ही परिपक्वता! मुलाखतीत, आत्मपर लेखांत, प्रवेशपरीक्षेच्या तोंडी चाचणीतही विद्यार्थ्याने हा क्रम म्हणून दाखवावा अशी अपेक्षा असते. जो अर्नाळकरांवरच थांबला तो अविकसित. त्याला शिफ्ट संपल्यावर अर्धा तासच मिळत होता काय, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. अशाने समीक्षा ही साहित्याची न राहता वाचकांची प्रतवारी होते, आणि तीही सिगारच्या दुकानातील फळीवर असते तशी, किमतीच्या क्रमाने.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्याला आपल्या रुचीच्या बदलाविषयी लिहायचे आहे त्याने अवश्य लिहावे, पण हिशेबासह. कोणत्या वर्षी हाती किती पैसे होते, सोबत कोण बसत होते, डोळे केव्हा थकू लागले, कोणते पुस्तक दुकानात मिळतच नव्हते, १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी घरात परवडत होती की नव्हती, हे सारे त्यात यावे. असे लिहिले म्हणजे ‘विकास’ हा शब्द पुष्कळदा गाळावा लागेल. जेथे तो टिकेल, तेथे त्याला काही अर्थ असेल.