मुंबई-लंडन: तिकिटावरचे तास आणि खरे तास

मालेगावच्या बाजारात हल्ली कोणी लंडनला निघाला, की आम्ही त्याचे तिकीट मागून वाचतो. उन्हाळ्यातल्या एका तिकिटावर मुंबईहून दुपारी एकला सुटणे आणि लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरणे असे होते. पुतण्या म्हणाला, "चाचा, साडेपाच तासांत लंडन!" आम्ही त्याला घड्याळ दाखविले. लंडनमध्ये साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. म्हणजे प्रवास पुरते दहा तासांचा. परतीला रात्री आठला सुटून सकाळी साडेनऊला मुंबई. कागदावर साडेतेरा तास दिसतात, खरे नऊ.

जाताना जास्त आणि येताना कमी का? तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. परतताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर.

अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराकवरून जाते. गोलावर दोरा ताणा, तो इराण, काकेशस आणि युक्रेनवरून जातो. हीच सर्वांत जवळची वाट. पण फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपले आकाश हिंदुस्थानी विमानांना बंद केले. वळसा आला, की तास वाढले आणि इंधनही. त्यात मालेगाव ते मुंबई पाच-सहा तास आणि विमानतळावर तीन तास आधी हजेरी. घरापासून हॉटेलपर्यंत पूर्ण दिवस धरावा, असे आमचे मत आहे. उतरल्या दिवशी गिऱ्हाईकाची भेट ठरवू नये; झोपेने जड झालेल्या डोक्याने भाव बोलणे म्हणजे आपल्या हाताने माल स्वस्त करणे.

तासांच्या हिशेबाने आम्ही स्वतः मार खाल्ला आहे. लंडनच्या एका व्यापाऱ्याशी ठरले होते, त्याच्या साडेदहाला, आपल्या तीनला फोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात आणि फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. आम्हांला याचा पत्ता नव्हता. सोमवारी तीनला फोन लावला, तेव्हा तिथे साडेनऊ, दुकान बंद. तीनदा घंटी वाजली, कोणी उचलेना. आम्हांला वाटले, गृहस्थ टाळतो आहे. रागाच्या भरात सुती कापडाचे साठ तागे इथल्याच एका दलालाला कमी भावात बोलून टाकले. चार वाजता लंडनचा फोन आला. तो बिचारा अगदी वेळेवर होता! दलालाला दिलेली जबान आम्ही फिरविली नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुन्हा पुढे जाते. त्या दोन्ही तारखा आता आमच्या गल्ल्याच्या वर खडूने लिहिलेल्या असतात.