पीएचडीच्या वाटेवरची ‘ऐकण्याची परीक्षा’: बोईसर-पालघरच्या मुलांचं गाडं इथेच का अडतं?

पीएचडी म्हटलं की डोक्यात येतात नेट, सेट आणि पेट. मग गाईड शोधायचा, फेलोशिपची वाट बघायची. या सगळ्यात तुम्हाला बोललेलं इंग्रजी किती कळतं, हे कुणी विचारत नाही.

परदेशी विद्यापीठं मात्र ते आधीच विचारतात. इंग्रजीतून पीएचडी करायची तर बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस किंवा टोफेलचा स्कोअर लागतो. दोन्ही परीक्षांचे विभाग चार: वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं. त्यातली टोफेल २१ जानेवारी २०२६ पासून बरीच बदलली आहे. गुण आता १ ते ६ या पट्टीवर मिळतात आणि वाचन-ऐकण्याचे विभाग ‘ॲडाप्टिव्ह’ झालेत. म्हणजे पहिला टप्पा तुम्ही कसा सोडवता, त्यावर पुढचा टप्पा किती अवघड येणार ते ठरतं.

यानिमित्ताने एक प्रश्न विचारायला हवा. पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार अशा भागातून एमएस्सी किंवा एमए करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी ही ऐकण्याची परीक्षा नेमकी काय तपासते? हुशारी, इंग्रजी, की आजवर कानावर काय पडलं ते?

परीक्षेत असतं तरी काय?

आयईएलटीएसचं उदाहरण घेऊ. ऐकण्याच्या विभागात चार भाग आणि ४० प्रश्न असतात. रेकॉर्डिंग साधारण ३० मिनिटांचं असतं.

पहिल्या भागात रोजच्या कामाचा संवाद असतो, म्हणजे घर भाड्याने घेणं, बुकिंग करणं वगैरे. दुसऱ्यात एकच माणूस माहिती देतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक यांची अभ्यासावरची चर्चा असते. चौथ्यात लेक्चर असतं.

यातली मेख अशी, की रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. वाचनात उतारा पुन्हा बघता येतो, इथे मागे जाता येत नाही. शिवाय बोलणारा माणूस मध्येच स्वतःला दुरुस्त करतो. आधी मंगळवार म्हणतो, मग ‘नाही, गुरुवारी’ म्हणतो. मंगळवार लिहून मोकळं झालात की उत्तर चुकलं. स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. उच्चारही एकाच देशाचे नसतात. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेचे असे सगळे येतात.

४० पैकी साधारण २३ उत्तरं बरोबर आली तर ६ बँड मिळतो, ३० आली तर ७. म्हणजे ६ आणि ७ यांच्यात फक्त सात उत्तरांचं अंतर आहे. ऑक्सफर्डची साधारण अट एकूण ७ बँडची आहे, आणि कुठल्याही एका विभागात ६.५ च्या खाली चालत नाही. वाचनात ८ मिळाले म्हणून ऐकण्यातले ५.५ झाकले जात नाहीत. एकूण सरासरी चांगली असूनही एका विभागापायी अर्ज अडकतो तो असा.

विद्यापीठांना हे हवं कशाला?

पीएचडी हे काम एकट्याने लायब्ररीत बसून होत नाही. दर आठवड्याला गाईडसोबत मीटिंग असते, ग्रुपमध्ये सेमिनार असतात, कॉन्फरन्समध्ये लोक उभे राहून प्रश्न विचारतात. अमेरिकेत तर पीएचडीचे अनेक विद्यार्थी टीचिंग असिस्टंट म्हणून पदवीच्या मुलांना शिकवतात आणि त्यातूनच त्यांचा खर्च निघतो. समोरचा काय विचारतोय हे कळलं नाही तर शिकवणार कसं?

प्रयोगशाळेत प्रश्न सुरक्षिततेचाही असतो. कुठलं रसायन कशात ओतायचं नाही, हे अनेकदा कुणीतरी तोंडी सांगतं. त्यामुळे ऐकण्याची चाचणी घेण्यामागचं कारण खोटं नाही. वाद आहे तो सगळ्यांची सुरुवात एकाच रेषेवरून होते का, याचा.

पालघर-बोईसरमध्ये इंग्रजी ऐकू येतं कुठे?

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घराघरांत वारली, कातकरी, कोकणा बोलली जाते. किनाऱ्याला मांगेली, वाडवळी ऐकू येते. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी-गुजराती. तारापूर एमआयडीसीत देशभरातून आलेले कामगार आहेत, त्यामुळे तिथली बोलचाल बहुतांशी हिंदीत चालते.

म्हणजे इथला मुलगा किंवा मुलगी तीन-चार भाषा सहज ऐकते आणि बोलते. कान तयार नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण त्यात इंग्रजी कुठे आहे? आहे, आणि भरपूर आहे, फक्त ते कागदावर आहे. बारावी सायन्सपासून पुस्तकं इंग्रजीत. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत. एमआयडीसीतल्या फार्मा किंवा केमिकल कंपनीत लागलात तर ड्रमवरची लेबलं, एसओपी, बॅच रेकॉर्ड सगळं इंग्रजीत. मात्र तीच एसओपी समजावून सांगणारा सुपरवायझर हिंदीत किंवा मराठीत सांगतो. वर्गातही इंग्रजी पुस्तक बरेचदा मराठीतूनच उलगडतं. ते चूक नाही, त्यामुळेच विषय कळतो. पण कान कोरडाच राहतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. आज पीएचडीच्या वयात असलेली बरीचशी पिढी त्यानंतर शाळेत गेलेली आहे. तरीही अडचण उरलीच, कारण परीक्षेचं वजन लेखीवर राहिलं. बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी परीक्षेचे असतात, आणि पोरं ज्याला गुण असतात त्याचाच अभ्यास करतात.

शब्द माहीत असतो, मग ऐकू का येत नाही?

बोईसरच्या एखाद्या केमिस्टला ‘मिथाइल’ हा शब्द नवा नाही. रोज शंभरदा वाचलेला असतो. पण अमेरिकन प्राध्यापक त्याला ‘मेथल’ म्हणतो. ‘आयोडीन’चं ‘आयोडाइन’ होतं, ‘ॲल्युमिनियम’चं ‘अलूमिनम’. विषय तोच, स्पेलिंगही जवळपास तेच, पण डोळ्यांनी ओळखीचा शब्द कानाला परका वाटतो. तो ओळखण्यात दोन सेकंद जातात, तोवर लेक्चर दोन वाक्यं पुढे गेलेलं असतं.

दुसरी अडचण लयीची. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतो, आणि आपलं इंग्रजीही तसंच असतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस शब्दातल्या एका भागावर जोर देतो आणि बाकीचं गिळतो. ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ होतं. ‘गोइंग टू’चं ‘गोना’. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक तर इतका पुसट असतो, की होकार आणि नकार यांची अदलाबदल होऊ शकते.

यात बुद्धीचा संबंध फार कमी. ज्याच्या घरी लहानपणापासून इंग्रजी बोललं गेलं किंवा ज्याचे मामा-मावशी परदेशातून फोन करतात, त्याला हे न शिकवता येतं. मोखाड्याहून किंवा तलासरीहून आलेल्या मुलीला ते मुद्दाम शिकावं लागतं. परीक्षा दोघांना एकच रेकॉर्डिंग ऐकवते.

भारतात अशी परीक्षा नाही ना?

कागदावर नाही. पीएचडीसाठी यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत. त्यात प्रवेश परीक्षेचा अर्धा भाग संशोधन पद्धतीचा आणि अर्धा विषयाचा आहे. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशाचा मार्ग खुला केला. नेटच्या पहिल्या पेपरात आकलनाचा उतारा असतो, पण तो वाचायचा असतो.

आता पुढची अट बघा. जेआरएफ न मिळालेल्या पात्र उमेदवारांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आहे आणि मुलाखतीला ३० टक्के. जेआरएफ मिळालेल्यांचा तर प्रवेशच मुलाखतीवर ठरतो.

अनेक विषयांत ही मुलाखत इंग्रजीत होते. पॅनेलवरचे प्राध्यापक भरभर बोलतात, एकाचा प्रश्न संपायच्या आत दुसरा सुरू करतो. उमेदवार गप्प बसला तर दोन शक्यता असतात. एक, त्याला उत्तर येत नाही. दोन, त्याला प्रश्नच नीट ऐकू आला नाही. गुणपत्रिकेवर दोन्हींचा आकडा सारखाच पडतो.

म्हणजे ऐकण्याची परीक्षा आपल्याकडेही आहे. फक्त तिचा सिलॅबस नाही, सराव पेपर नाही आणि किती गुण त्यात गेले हे कळायची सोय नाही. या बाबतीत आयईएलटीएस-टोफेल निदान स्पष्ट आहेत. कुठे कमी पडलात ते आकड्यात सांगतात आणि पुन्हा बसू देतात.

एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना सांगितलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. तो विचार लेखी परीक्षेपुरता होता. तोच मुलाखतीलाही लावायला काय हरकत आहे?

पैशाचा प्रश्न वेगळाच

आयईएलटीएस किंवा टोफेलची फी पंधरा ते वीस हजारांच्या घरात आहे आणि स्कोअर दोनच वर्षं चालतो. एमआयडीसीत नुकत्याच लागलेल्या पोरासाठी हा जवळपास महिन्याचा पगार. एका विभागात अर्धा बँड कमी पडला आणि पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागली, तर पुन्हा तेवढेच.

शिष्यवृत्त्या आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिच्यात देशभरातून वर्षाला २० जागा असतात, त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी. पालघरमध्ये मोठ्या संख्येने राहणारी कातकरी जमात यात मोडते. राज्य सरकारच्याही परदेशी शिक्षणाच्या योजना आहेत. पण परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला तरच शिष्यवृत्तीचा उपयोग, आणि प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा स्कोअर लागतो. म्हणजे खर्चाची पहिली पायरी खिशातूनच चढावी लागते. शिष्यवृत्तीची रक्कम वाढवण्याइतकंच या पहिल्या पायरीवर पैसे देणंही गरजेचं आहे.

काही विद्यापीठं ‘शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ असं कॉलेजचं प्रमाणपत्र चालवून घेतात आणि परीक्षेतून सूट देतात. अर्ज करण्याआधी हे जरूर तपासा, पैसे वाचतील. फक्त एक लक्षात ठेवा. प्रमाणपत्राने दार उघडतं, पण आत गेल्यावर पहिल्याच सेमिनारला ऐकायचं तुम्हालाच आहे.

मग करायचं काय?

चांगली गोष्ट अशी, की ऐकणं सरावाने सुधारतं आणि त्याला खर्च जवळपास शून्य आहे. क्लासची फी भरण्याआधी हे करून बघा:

- सबटायटल बंद करा. सबटायटल लावून सिनेमा बघणं हे वाचन आहे. रील्सवरही खाली अक्षरं असतात, म्हणून कळल्यासारखं वाटतं.
- दोन मिनिटांचं शुद्धलेखन. छोटं रेकॉर्डिंग लावा, ऐकून शब्द न् शब्द लिहा, मग मूळ मजकुराशी ताडून बघा. कुठले शब्द निसटतात ते आठवड्याभरात कळेल.
- आपल्याच विषयाचं ऐका. एनपीटीईएलची लेक्चर्स मोफत आहेत, पण त्यात उच्चार भारतीय असतात. सुरुवात तिथून करा आणि मग त्याच विषयाचं ब्रिटिश, अमेरिकन प्राध्यापकांचं लेक्चर घ्या.
- लांब ऐका. तीस सेकंदांच्या रीलने चार मिनिटांचं लक्ष टिकत नाही. बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर आहे. लोकलमधला तो वेळ यासाठी वापरता येतो.
- सुटलं ते सोडा. एक उत्तर हुकलं म्हणून त्यातच अडकलात तर पुढची तीन जातात.
- मोफत नमुना चाचणी आधी द्या. दोन्ही परीक्षांच्या अधिकृत साइटवर ती मिळते. स्वतःचा आकडा कळल्यावरच फी भरा.

मुलाखतीसाठी एक साधं वाक्य पाठ असू द्या: ‘सर, प्रश्न पुन्हा सांगाल का?’ हे विचारल्याने अज्ञान उघडं पडत नाही. प्रश्न न कळता दिलेल्या उत्तराने मात्र पडतं.

सगळं ओझं विद्यार्थ्यावर टाकूनही चालणार नाही. मुलाखत कुठल्या भाषेत होईल, हे विद्यापीठांनी जाहिरातीतच लिहावं. मराठीतून उत्तर चालणार असेल तर तसं सांगावं. महत्त्वाचे प्रश्न छापून उमेदवारापुढे ठेवले तर पाच मिनिटांचं काम आहे. आणि पालघर-बोईसरच्या कॉलेजांनी एमएस्सीच्या वर्गात आठवड्याला एक तास इंग्रजीतून सेमिनार आणि प्रश्नोत्तरं ठेवली, तर दोन वर्षांत मुलांच्या कानावर पडायचं ते पडून जाईल.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, शेजारच्या एमआयडीसीत औषधं आणि रसायनं बनतात. संशोधनाला लागणारं विज्ञान इथल्या पोरांच्या हाताखालून रोज जातं. त्यांच्यातला कुणी पीएचडीपासून लांब राहिला, तर निदान ‘मेथल’ म्हणजे आपलं ‘मिथाइल’ हे कुणी सांगितलं नाही एवढ्याच कारणाने राहू नये.