पॉइंट गार्डचा लांबचा नेम

बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूस पॉइंट गार्ड म्हणतात. या जागेवरच्या मुलाने ड्रिबल आणि पास यांवरच सारी मेहनत घ्यावी, लांबून बास्केट करणे हे इतरांचे काम आहे, असे मत वारंवार मांडले जाते. चाल रचणाऱ्याने स्वार्थी होऊ नये, ही त्यामागची भावना रास्त आहे. परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण पासची वाट शॉटच्या धाकानेच मोकळी होते.

ज्याच्या लांबच्या शॉटचा धाक नाही, त्याच्या अंगावर रक्षक येतच नाही. तो दोन पावले मागे सरून रिंगकडची वाट धरतो, आणि एखाद्या सहकाऱ्याने स्क्रीन लावला, म्हणजे रक्षकाच्या मार्गात स्थिर उभे राहून त्याला अडवले, तरी तो रिंगच्या बाजूने वळसा घालून पुन्हा समोर हजर होतो. परिणामी चार सहकाऱ्यांवर पाच रक्षकांचे लक्ष राहते आणि उत्तम पासालाही फट सापडत नाही.

या मताचे समर्थक अमेरिकेच्या एनबीए लीगमधील पॉइंट गार्ड मॅजिक जॉन्सनचा दाखला देतात. तो २०६ सेंटीमीटर उंच होता, रक्षकाच्या डोक्यावरून त्याला सारे मैदान दिसे. बुटक्या मुलाला तो आदर्श दाखवून काय उपयोग? शिवाय १९८९-९० च्या हंगामात त्यानेही १०६ थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांच्या कमानीबाहेरचे शॉट, यशस्वी केले होते. जेसन किडचे उदाहरण अधिक बोलके आहे: जम्प शॉटचा ‘जे’ त्याच्याकडे नाही म्हणून त्याला ‘एसन’ म्हणून हिणवले जाई, आणि तोच २०११ मध्ये डॅलससह विजेता ठरला व २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा १९८८ थ्री-पॉइंटरांसह एनबीएच्या इतिहासात तिसरा होता.

दुसरा आक्षेप मात्र अंशतः मान्य करावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांतील ६.७५ मीटरची कमान लहान मुलाला झेपत नाही. तेथून तो खांद्याच्या झटक्याने चेंडू भिरकावतो आणि ढब बिघडते. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, मोठ्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याला जवळपास ३२ सेंटीमीटरची वाट मिळते, पण ३० अंशांत आला तर ती साडेबावीसच उरते आणि काठाला न लागता तो आत जाऊच शकत नाही. म्हणून जवळून, उंच कमानीचा शॉट आधी बसवावा आणि एकेक पाऊल मागे जावे. लांबचा नेम सोडून द्यावा, असा याचा अर्थ होत नाही.

कर्नाटकातील जोयडा तालुक्यात हा मुद्दा अधिकच खरा ठरतो. काळी नदीवरील सुपा जलाशयाभोवतीच्या रानात पांगलेल्या वस्त्यांतून शाळा सुटल्यावर दहा जण जमवणे कठीण, आणि पासचा सराव जोडीदाराविना होत नाही. तांबड्या मातीच्या अंगणात ड्रिबल करताना चेंडू खड्यावर आपटून भलतीकडे उसळतो. शॉटचा चेंडू मात्र हातातून सुटल्यावर हवेतूनच जातो, त्याला ३.०५ मीटर उंचीवर घट्ट बसवलेली एक रिंग पुरते, आणि कोपर चेंडूखाली, बोटे पसरलेली, सुटल्यावर मनगट पुढे झुकलेले, ही एकच हालचाल एकटी मुलगीही पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत, चेंडू फडक्याने पुसून, शंभरदा करू शकते.