आईची वही आणि माझे अकरा हजार फॉलोअर

नवी तूर मिलमध्ये यायला आणि माझं खातं बंद पडायला एकच गाठ पडली. जानेवारीतली सकाळ होती. चहाचा कप बाजूला ठेवून ॲप उघडलं, तर पडद्यावर दोनच ओळी. नियमभंगामुळे खातं निलंबित, हरकत असल्यास अर्ज करा. कोणता नियम, कधी मोडला, काही नाही. अर्ज केला. यंत्राने यंत्रासारखं उत्तर दिलं.

त्या ॲपचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण त्याच्याशी नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं, त्याने एक दिवस ओटा धुवायला काढला. भांडण माझ्याशी आहे, आणि मला त्या ओट्यावर बसायला शिकवणाऱ्यांशी आहे.

आमचं लोहारा यवतमाळला अगदी लागून, दारव्हा रोडवर. बाहेरच्यांना ते एमआयडीसीमुळे माहीत असतं. त्या मोठ्या शेडांच्या हिशोबात आमचं काही नाही. पत्र्याखाली एक पीकेव्ही मिनी डाळ मिल, म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बनवलेलं छोटं यंत्र. तूर वाळवायची, तेल-पाणी लावून मुरवायची, भरडायची, चाळायची. डाळ पोत्यात, चुणी गुरांना. पॉलिश नाही. आईने बचत गटातून कर्ज काढून ते उभं केलं. बी.कॉम. करून मी घरी परतले आणि म्हणाले, आता मी हे ऑनलाइन नेते.

नेलंही. तुरीचा पिवळा फुलोरा, सुपात पाखडली जाणारी डाळ, आजीचे हात. अकरा हजार फॉलोअर झाले. लोक त्याच ॲपमध्ये निरोप टाकायचे, मी त्यातच पत्ता विचारायची, पार्सल पाठवायची. खातं गेलं तेव्हा ते सगळे निरोपही गेले. मागच्या वर्षी माझ्याकडून डाळ घेतलेल्या एकाही माणसाचा पत्ता मी दुसरीकडे उतरवून ठेवलेला नव्हता. शेडमध्ये नऊ क्विंटल डाळ, बचत गटाचा हप्ता तोंडावर, आणि मी फोन हातात घेऊन बसलेली.

आई म्हणाली, "तुह्या अकरा हजारातून डाळ किती जन नेतेत वं?"

"दीडेकशे असतील."

"त्यायचे पत्ते लिवले काय?"

"नाही."

"मंग ते गिऱ्हाईक कायचे? ते त रस्त्यानं जानारे लोकं झाले."

आणि तिने कपाटातून तिची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. चौसष्ट नावं. कोणी किती किलो नेली, कोणाला जाड डाळ लागते, कोणाचे पैसे दिवाळीला येतात, कोणाची पोरगी वर्ध्याला दिली आणि आता तिच्यासाठीही पाच किलो जातात. त्या आठवड्यात विकली गेलेली सगळी डाळ या वहीतून गेली.

यवतमाळच्या एका हॉटेलात मी एकदा दिवसभराची कार्यशाळा केली होती. नऊशे नव्व्याण्णव रुपये, जेवणासहित. रील किती सेकंदांची हवी, पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवायचं, कोणतं गाणं चालतंय, यावर सहा तास. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता स्वतःकडे लिहून ठेवा, हे एक वाक्य सहा तासांत आलं नाही. मी विचारलं होतं, ई-मेलची यादी करावी का? सरांनी हसून सांगितलं, ई-मेल मेलंय. हॉलमधले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची किंमत मला जानेवारीत कळली.

29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. गावागावांतल्या पोरांनी लाखालाखाने जमवलेले लोक एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य, तो मुद्दा वेगळा. पण आपण त्यातून काय शिकलो? दुसऱ्या ॲपवर गेलो आणि शून्यापासून तेच केलं.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲप आहे ना. आहे, आणि मी वापरते. पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 लोक मावतात, आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद होती, कारण तिन्हींचा मालक एक. शिवाय नंबर बदलतात. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो. माझा निरोप एकदा असाच भलत्या गृहस्थांना गेला आणि त्यांनी मला डाळीच्या भावावरून चांगलं सुनावलं.

ई-मेलचं तसं नाही. रे टॉमलिन्सनने 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिलं पत्र धाडलं, तेव्हापासून या गोष्टीला कोणी एक मालक नाही. आज एका कंपनीमार्फत पाठवते, उद्या ती आवडली नाही तर यादीची फाइल उचलून दुसरीकडे जाते. फाइल माझ्या लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर. वहीसारखी.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. नांगर बनवणं जितकं अवघड, तितकंच लोकांशी बोलणं. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते मुळात कारखान्याचं पत्रच होतं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' आलं, 1934 मध्ये 'मनोहर'. मराठी घराघरांत वाचली गेलेली ही मासिकं एका नांगराच्या कारखान्यातून निघाली. तिकडे अमेरिकेत जॉन डिअर ही नांगरवाली कंपनी 1895 पासून 'द फरो' काढत होती. पत्र पाठवायचं तर पत्ते लागतात, आणि पत्त्यावरचा माणूस पुढचा अंक उघडेल असं काहीतरी आत लागतं. त्या सहा तासांत आम्हाला शिकवायला हवं होतं ते हे.

आता प्रामाणिक अडचण. लोहाऱ्यात ई-मेल कोण वाचतं? फार कमी जण. इथे बहुतेकांचा ई-मेल मोबाइलच्या दुकानातल्या पोराने फोन चालू करताना बनवून दिलेला, पासवर्ड फोनच्या खोक्यावर लिहिलेला, आणि खोकं हरवलेलं. शेजारच्या काकूंना डाळ हवी असली तर त्या फाटकातून हाक मारतात. त्यांना ई-मेल पाठवणं हा बावळटपणा आहे.

पण माझी डाळ विकत घेणारे निम्मे लोक फाटकापाशी नाहीत. ते हिंजवडीत आहेत, खराडीत आहेत, बंगळुरात आहेत. दारव्हा, दिग्रस, आर्णीहून गेलेली पोरं. त्यांची पगाराची स्लिप, रेल्वेचं तिकीट, बँकेचं पत्र, सगळं ई-मेलवर येतं. हे वाचणाऱ्या तुमच्यातले बरेच तेच. ई-मेल मेलंय म्हणता आणि सकाळी ऑफिसला पोचल्यावर पहिलं काय उघडता?

यादी करताना मी केलेली घाण झाकून ठेवत नाही. घाई झाली होती. एका मित्राने पेनड्राइव्हवर चार हजार पत्ते दिले, कुठल्यातरी क्लासच्या प्रवेशअर्जांतून आलेले. मी खुश. जीमेलवरून दिवसाला पाचशे लोकांना पाठवता येतं, म्हणून रोज पाचशे पाठवायला घेतले. तिसऱ्या दिवशी एका मुलीचं उत्तर आलं, एकाच ओळीचं: "माझा पत्ता तुम्हाला कोणी दिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कितीतरी पत्रं परत आली, कितीतरींनी स्पॅममध्ये टाकली, आणि मग माझी खऱ्या गिऱ्हाइकांना लिहिलेली पत्रंही स्पॅममध्ये जायला लागली. ज्याने मागितली नाही त्याच्या दारात पाटी लावली की मागणाऱ्याच्या दारातूनही हाकलतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर लिहिलंच आहे की संमती मोकळेपणाने दिलेली हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता. त्या मुलीचा प्रश्न पुरला. चारही हजार पुसले.

मग आईच्या पद्धतीने सुरुवात केली. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी: "पुढच्या वर्षी नवी डाळ आली की कळवू का? वर्षात चार पत्रं, जास्त नाही." खाली क्यूआर कोड, आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी एक रिकामी ओळ. नाव आणि ई-मेल, बस. जन्मतारीख नाही, फोन नाही. सवलतीचं आमिषही नाही, कारण सवलतीला आलेला सवलत संपली की जातो. जीमेलचं स्पेलिंग लोक किती तऱ्हांनी लिहितात यावर वेगळा लेख होईल. म्हणून पत्ता आला की आधी एक छोटं पत्र जातं: हे तुम्हीच ना? हो म्हटलं तरच नाव यादीत. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी, नको असल्यास इथे दाबा.

वर्षभरात दोनशे एकतीस नावं झाली. हसा. कार्यशाळेतले सर तर पोट धरून हसतील.

पुढच्या हंगामातलं पहिलं पत्र मी असं लिहिलं: फुलोऱ्यात धुवारी पडली, फूल गळलं, यंदा तूर कमी आहे, दाणा बारीक आहे, किलोमागे पंधरा रुपये जास्त पडतील, शिजायला मात्र तशीच. आई म्हणाली, असं कोनी सांगते काय? सांगितलं. चार दिवसांत सत्तर जणांनी मागणी नोंदवली. पुण्याच्या एका ताईने डाळ मागवली नाही, पण लिहिलं की धुवारी हा शब्द तिने वडील गेल्यापासून ऐकला नव्हता. दोन महिन्यांनी तिचीही मागणी आली.

मधल्या काळात, खातं बंद पडल्यावर तीन महिन्यांनी, ते जसं गेलं तसंच परत आलं होतं. कारण कळलं नाही, अकरा हजार जागच्या जागी. मी त्यावर अजूनही फुलोऱ्याचे व्हिडिओ टाकते. रस्त्यानं जाणाऱ्यांनाही तूर दिसावी. चिठ्ठीवरच्या क्यूआर कोडचा फोटो टाकला तेव्हा अकरा हजारांतून एकोणीस जणांनी पत्ता दिला.

ती एकोणीस नावं आईने वहीत उतरवली. पेनड्राइव्हवर तिचा भरवसा नाही. तिला मी एकेक अक्षर सांगत होते. नावानंतरच्या त्या गोल चिन्हापाशी ती थांबली, म्हणाली, "हे काय वं, जिलबी काढू काय?" म्हटलं, काढ. वहीत आता ओळीने एकोणीस जिलब्या आहेत, आणि एकीपुढे लिहिलंय: जाड डाळ, पाच किलो, दिवाळीआधी.